कंस नसलेली ओळ

मंजुळाअक्कांनी पाय काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"माझा पाय बदललेला नाही," त्या कन्नडमधून म्हणाल्या. "तुमचं मशीन बदललंय."

गीता मॅडमनी ते मला हिंदीत सांगितलं. पण माझं कन्नड कितीही तोडकं असलं तरी एवढं मला कळलं होतं.

आम्ही बंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागात होतो. दोन्ही बाजूंना लेथ मशीनचे कारखाने आणि मध्ये ही कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा. एक ट्रस्ट ती चालवतो. गीता मॅडम तिथल्या मुख्य प्रोस्थेटिस्ट, म्हणजे माप घेऊन पाय बसवून देणाऱ्या तज्ज्ञ. मंजुळाअक्का होसकोट्याच्या शाळेत शिकवतात. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली. आणि मी मृणाल, मूळची नागपूरची. मल्लेश्वरमच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर चालू ठेवणं हे आमचं काम. कार्यशाळेतलं सॉफ्टवेअर आम्हीच सांभाळत होतो, म्हणून मला बोलावलं होतं.

तक्रार साधी होती. नवीन सॉकेट सैल होतं.

सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा, खोल पेल्यासारखा भाग. माणसाचा उरलेला पाय त्यात बसतो आणि चालताना सगळं वजन त्यावर येतं. ते नीट बसलं तर माणूस दिवसभर उभा राहू शकतो. सैल असलं तर पाय आत खाली घसरतो, टोकाला दाब येतो आणि कातडी सोलते. मंजुळाअक्कांची सोललेली होती. मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्यांनी ते पाहिलं.

गीता मॅडमनी मला आधीची हकिगत सांगितली. गेल्या काही महिन्यांत सैल सॉकेटच्या तक्रारी वाढल्या होत्या. पण ऑपरेशननंतर सुरुवातीला उरलेला पाय हळूहळू बारीक होत जातो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. सैल वाटलं की जाड मोजा घालायला सांगतात. गीता मॅडमनीही तेच सांगितलं होतं. मंजुळाअक्कांच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नव्हतं. त्यांचा पाय आता काही बारीक होणार नव्हता. गीता मॅडमनी टेप घेऊन पुन्हा मापं घेतली आणि ती आधीच्या मापांशी तंतोतंत जुळली.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मंजुळाअक्कांचं जुनं सॉकेट तडा जाऊन निकामी झालं होतं आणि नवं घालता येत नव्हतं. त्या कुबड्यांवर आल्या होत्या. वर्गात कुबड्यांवर उभं राहून फळ्यावर कसं लिहायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

सॉकेट कसं बनतं ते थोडक्यात सांगते. आधी टेपने पायाचे घेर घेतात. पहिला घेर गुडघ्यापाशी, मग थोड्याथोड्या अंतरावर खाली खाली. हे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरतात. एक प्रोग्राम त्या आकड्यांतून, सॉकेट घट्ट बसावं म्हणून, थोडं थोडं कमी करतो. किती कमी करायचं ते प्रत्येक पातळीला वेगळं असतं. मग ते आकडे कार्व्हर नावाच्या मशीनकडे जातात. ते मशीन फोमच्या ठोकळ्यातून पायाचा साचा कोरतं आणि त्या साच्यावर तापवलेलं प्लॅस्टिक चढवतात.

मी गीता मॅडमना म्हटलं, यांच्याच मापांवर एक साचा पुन्हा कोरू या. मशीनने तासाभरात तो कोरला. आम्ही दोघींनी टेप लावली. वरचा काठ बरोबर होता. त्याखालची प्रत्येक पातळी मात्र हवी त्यापेक्षा मोठी होती.

गीता मॅडम खुर्चीवर बसल्या. "याचा अर्थ, ज्यांना मी मोजे घालायला सांगितलं..."

मी बाहेर येऊन आमच्या कंपनीचे मालक रंगनाथ सर यांना फोन केला. पीण्यातल्या ट्रकच्या आवाजात एक कान बोटाने बंद करून त्यांना सगळं सांगितलं. ही गोष्ट क्लायंटला कधी आणि किती सांगायची याबद्दल ते आधी बोलतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, दोष नक्की आपल्या सॉफ्टवेअरमध्येच आहे का? मी म्हटलं, मापं बरोबर आहेत, साचा चुकीचा आहे, मध्ये फक्त आपण आहोत.

"मग मशीन बंद करा म्हणून सांग," ते म्हणाले. "आजच. आणि चूक आमची आहे हेही सांग. नंतर त्यांना कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं."

कंपनी छोटी होती आणि हे काम गेलं असतं तर तिला ते जाणवलं असतं. तरीही त्यांनी फोनवरच हे सांगून टाकलं. मी त्या दिवसापासून त्यांना मानते.

मशीन बंद झालं. गीता मॅडमनी प्लॅस्टरने हाताने साचे बनवायची जुनी पद्धत सुरू केली. तसं करता येतं, पण वेळ फार लागतो आणि रांगेत माणसं बरीच होती.

आता माझं काम सुरू झालं. प्रोग्राम पर्ल भाषेत लिहिलेला होता. पर्ल ही जुनी भाषा आहे. एके काळी बंगळुरूतल्या निम्म्या कंपन्या तिच्यावर चालायच्या असं सीनियर लोक सांगतात. माझ्या पिढीतले बहुतेक जण तिच्या वाटेला जात नाहीत, कारण तिच्यात चिन्हांचा सुळसुळाट फार. डॉलर, अॅट, टक्का, अँपरसँड. कोणीतरी कीबोर्डवर हात टेकला असावा अशा ओळी. माझी रोजची भाषा पायथन. पर्ल मी कामापुरतं शिकले होते.

कार्यशाळेतला जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा आमच्या ऑफिसमधल्या हरीशने हा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर आणला होता. जुना जसाच्या तसा तिथे चालत नव्हता. त्यामुळे त्याने तो दुरुस्त केला आणि त्याच वेळी नीटनेटकाही केला. ओळी सरळ केल्या, नावं सुधारली. त्यामुळे जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवली तर जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी दिसत होती. फरक शोधणारं टूल लावलं तर सगळी स्क्रीन लाल-हिरवी झाली. चाचणीही झाली होती. पण ती एका सरळ पाइपच्या मापावर. वरपासून खालपर्यंत एकच घेर. तो साचा बिनचूक आला होता.

मी प्रोग्रामला टप्प्याटप्प्यावर आकडे छापायला लावले. लवकरच एक गोष्ट दिसली. गुडघ्यापाशी घेतलेला पहिला घेर दोनदा वापरला जात होता. तो घेर खरं तर बाजूला काढायचा असतो, कारण सॉकेटचा वरचा काठ त्यावरून ठरतो. बाजूला काढल्यावर उरलेले घेर क्रमाने खाली जायला हवेत. इथे तो काठासाठी वापरला जात होता आणि रांगेतही पहिलाच उभा होता. त्यामुळे प्रत्येक पातळीला तिच्या वरच्या पातळीचा घेर मिळत होता. पाय खाली निमुळता होत जातो, म्हणून सॉकेट सगळीकडे सैल. काठ मात्र बरोबर, म्हणून वरून पाहणाऱ्याला शंका येत नव्हती. पाइपला तर वर-खाली एकच घेर, तिथे हे कळणारच नव्हतं.

सैल का होतं ते समजलं. पण एक प्रश्न राहिला आणि त्याने मला छळलं. जुन्या प्रोग्राममध्ये ती ओळ अशी होती:

my $ref = &take_ref;

आणि नव्यात अशी:

my $ref = take_ref(@_);

दोन्हीकडे take_ref हे तेच छोटं फंक्शन. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एक कामकरी. त्याला काही द्यायचं, तो काही करून परत देतो. हे फंक्शन पहिला घेर काढून देत होतं. जुन्यात नावाआधी अँपरसँड होता. जुन्या काळी लोक तसा लावायचे आणि आता तो लावायची गरज नाही, हे मी वाचलं होतं, हरीशनेही वाचलं होतं. म्हणजे दोन्ही ओळी एकच. मग जुना प्रोग्राम इतकी वर्षं बरोबर कसा चालला?

एक वरवरची दुरुस्ती मला तेव्हाच करता आली असती. पहिला आकडा आणखी एकदा काढून टाकायचा, की झालं. हरीशला तसं म्हणालेही. तो स्क्रीनकडे पाहत बसला होता. म्हणाला, "बदल माझा आहे. पण तो चुकीचा का आहे हे मला कळत नाही. आणि फाइलमध्ये असे बदल मी बऱ्याच ठिकाणी केलेत."

हे त्याने स्वतःहून सांगितलं, आणि तेच पुढे सगळ्यात उपयोगी पडलं.

मी गीता मॅडमना विचारलं, हा प्रोग्राम मुळात कोणी लिहिला? त्या म्हणाल्या, देसाई सरांनी. ते एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते. निवृत्तीच्या आधीपासून सुटीच्या दिवशी कार्यशाळेत येऊन त्यांनी हे फुकट करून दिलं होतं. आता वय झालंय, येणं होत नाही. मॅडमनी त्यांचा नंबर दिला.

मी इंग्रजीत सुरुवात केली. माझं नाव ऐकून पलीकडून आवाज आला, "मराठी बोलतीस काय? मग बोल की."

देसाई सर बेळगावचे. तरुणपणीच बंगळुरूला आले आणि इथलेच झाले. मी काम सांगितल्यावर ते म्हणाले, कोड काही आठवत नाही बघ, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर स्क्रीन बघू देत नाहीत. मी निराश झाले. माझ्या आवाजात ते त्यांना जाणवलं असावं.

"तू ये की घरी," ते म्हणाले. "तू वाच, मी ऐकतो."

मल्लेश्वरममधलं त्यांचं घर आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढं जवळ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना आणि नवा, दोन्ही कोड छापून घेऊन गेले. सर काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणतात, कॉफी ठेवून शेजारीच भाजी निवडत बसल्या.

कोड मोठ्याने वाचायची मला सवय नव्हती. तो कोणी वाचतच नाही, डोळ्यांनी पाहतात. मी जुनी प्रत वाचू लागले. सब प्रिपेअर. माय रेफ इज इक्वल टू टेक रेफ. माय घेर इज इक्वल टू...

"थांब," सर म्हणाले. "असं नव्हे. जे दिसतंय ते सगळं वाच. चिन्हं गाळू नकोस."

मी पुन्हा सुरुवात केली. माय, डॉलर रेफ, इक्वल टू, अँपरसँड, टेक रेफ, सेमीकोलन.

"अँपरसँड आहे?"

"आहे."

"पुढे कंस?"

"नाही. लगेच सेमीकोलन."

"आणि नव्या प्रतीत?"

मी दुसरा कागद घेतला. "अँपरसँड नाही. टेक रेफ, कंस, अॅट अंडरस्कोर, कंस पुरा."

सर खुर्चीत पुढे सरकले. मग हसले. "सापडलं गे. कंस काढून ठेवला होता मी मुद्दाम."

मग त्यांनी मला समजावलं आणि ते इतकं साधं होतं की मी आजही कोणालाही तसंच सांगते. पर्लमध्ये फंक्शनला जे काही द्यायचं ते सगळं एका ताटात घालून देतात. अॅट अंडरस्कोर हे त्या ताटाचं नाव. कंस घालून फंक्शनला बोलावलं की पर्ल त्याच्यासाठी नवं ताट मांडतं आणि त्यात तेच पदार्थ वाढतं. फंक्शनने आपल्या ताटातला पहिला पदार्थ उचलला तरी बोलावणाऱ्याचं ताट जसंच्या तसं राहतं. पण अँपरसँड लावून, कंस न घालता बोलावलं, तर नवं ताट मांडलं जात नाही. दोघं एकाच ताटात जेवतात. एकाने उचललेलं दुसऱ्याच्या ताटातूनही गेलेलं असतं.

जुन्या ओळीत take_ref पहिला घेर उचलत होतं, तो सामाईक ताटातूनच. म्हणून मागे फक्त उरलेले घेर राहत. नव्या ओळीत ते आपल्या वेगळ्या ताटातून उचलत होतं. मूळ ताटात पहिला घेर तसाच राहिला.

म्हणजे अँपरसँड लावायची गरज नाही हे खरं होतं, पण कंस असतील तेव्हाच. ही अट कुठेतरी लिहिलेली असणारच. पण कशाबद्दल शोधायचं हेच मला माहीत नव्हतं, तर शोधणार काय?

"तुम्ही असं का लिहिलंत, सर?" मी विचारलं.

"तेव्हा हुशारी वाटली," ते म्हणाले. "वर एक ओळ लिहून ठेवायला पाहिजे होती. तुमच्या पोराला सांग, त्याचं काही चुकलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं."

अक्कांनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि कोणाचा पाय आहे म्हणून विचारलं. मी मंजुळाअक्कांबद्दल सांगितलं. होसकोट्याची शाळा, कुबड्या, फळा. सर ऐकत होते. मग म्हणाले, पुढचं पानही वाच. सगळं वाच. अजून कुठे कुठे मी हा उद्योग केलाय ते बघू.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी त्यांना संपूर्ण फाइल चिन्हांसकट वाचून दाखवली. माझा घसा बसला. अक्कांनी दोनदा कॉफी आणि एकदा जेवायला वाढलं. मी नको म्हटलं तर त्या म्हणाल्या, "स्वल्प तरी खा, वाचायचंय अजून." जिथे अँपरसँड येई आणि कंस नसे तिथे सर बोट वर करत आणि मी पेन्सिलने खूण करत असे. बहुतेक जागा निरुपद्रवी होत्या. तिथलं फंक्शन ताटात नुसतं डोकावत होतं, उचलत काही नव्हतं.

एक जागा मात्र तशी नव्हती. ती लहान मुलांच्या पायाच्या भागात होती. मुलांचा पाय वाढत असतो, म्हणून तिथे वाढीसाठी ठेवायची जागा पहिल्या आकड्यात दिलेली होती आणि ती अशीच उचलून बाजूला काढायची होती. नव्या प्रतीत तीही ताटात राहिली असती आणि मापांत मिसळली असती. मी तिथूनच गीता मॅडमना फोन केला. नवा कॉम्प्युटर आल्यापासून मुलांचे किती पाय या मशीनवर केले, असं विचारलं. त्या म्हणाल्या, अजून एकही नाही. एका मुलीचं माप घेऊन ठेवलंय, पुढच्या आठवड्यात करणार होतो.

फोन ठेवल्यावर मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्म्याखाली रुमाल घालून डोळे टिपले. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून अक्का त्यांना रागावल्या.

मी वरवरची दुरुस्ती करून मोकळी झाले असते, तर मंजुळाअक्कांचं सॉकेट नीट झालं असतं आणि त्या मुलीचं बिघडलं असतं. हरीशने "बऱ्याच ठिकाणी केलेत" हे सांगितलं नसतं तर मी मल्लेश्वरमला गेलेच नसते. आणि सर आठवत नाही एवढं सांगून तिथेच थांबले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. या सगळ्यांचे आभार कसे मानायचे हे मला तेव्हाही सुचलं नाही.

दुरुस्ती आम्ही सरांच्या सांगण्याप्रमाणे केली. जुनी युक्ती परत आणली नाही. ताटात जे आहे ते फंक्शनच्या पहिल्याच ओळीत नावानिशी उतरवून घेतलं: पहिला घेर हा, बाकीचे हे. वाचणाऱ्याला विचार करावा लागू नये असं. हरीशने प्रत्येक ठिकाणी वर एक ओळ लिहिली, इथे काय होतं आणि का बदललं. चाचणीसाठी या वेळी गीता मॅडमनी खऱ्या पायांची मापं दिली, डाव्या-उजव्या, बारीक-जाड सगळ्या. प्रत्येक साच्याला आम्ही टेप लावली. सगळे जुळले, तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं.

मंजुळाअक्का शाळा उघडायच्या आधी आल्या. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभं राहून चालून पाहतात, तिथे गीता मॅडमनी त्यांना पाय बसवला. त्या आधी दोन्ही हातांनी दांड्या धरून चालल्या, मग एका हाताने. शेवटी हात सोडून भिंतीपर्यंत गेल्या आणि भिंतीवर उंच, फळ्यावर लिहितात तसा हात नेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"सरी इदे," त्या वळून म्हणाल्या. ठीक आहे, एवढंच. मग माझ्याकडे येऊन त्यांनी माझा हात धरला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या की मशीनबद्दल मी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं, तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कधी कळलं असतं? माझं हिंदी-कन्नड मिश्रण त्यांना किती समजलं कोण जाणे. हात मात्र त्यांनी लवकर सोडला नाही.

ज्यांना मोजे घालायला सांगितलं होतं त्या सगळ्यांना गीता मॅडमनी स्वतः फोन केले. सॉकेट बदलून देतो, चूक आमच्याकडची होती, असं प्रत्येकाला सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. काही जण चिडले. बरेच जण नुसतं कधी येऊ म्हणून विचारत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बरं झालं, मला वाटत होतं मीच खंगत चाललोय.

क्लायंट आमचाच राहिला. रंगनाथ सरांनी माझ्याकडून या प्रकाराचा एक पानी रिपोर्ट लिहून घेतला. शेवटी धडा काय, असा एक रकाना त्यात होता. मी त्यात लिहिलं: जे चिन्ह कळत नाही ते काढू नये. ते लिहिणारा माणूस अजून भेटत असेल, तर आधी त्याच्याकडे जावं. आणि जाताना अर्धा दिवस मोकळा ठेवावा.